तीन नंबरच्या हौदाची घंटी

सोमवार, ५ मार्च १९५६

पुन्हा वाजली! दुपारचे तीन. तीन नंबरच्या हौदाचीच – तिला तडा गेलाय, आवाज मडक्यासारखा येतो. सतरा वर्षं शेजारच्या त्या उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळाच्या गिरणीत तपासनीस होते. झोपेतही ओळखीन.

पण तो हौद दोन वर्षं कोरडा आहे. पाणी उकळून खुणेच्या वर चढलं की लाकडी गोळा वर येतो, दोरी ओढली जाते, घंटी वाजते, आणि भिंतीपलीकडचा बॉयलरवाला वाफ बंद करतो. पाणीच नाही तर गोळा कोण उचलतं?

मंगळवार, ६ मार्च

तीनला. चार ठोके.

बुधवार, ७ मार्च

गिरणीत जाऊन आले. माझ्या जागी ईश्वरदास बसतो, शेठचा भाचा – डोक्यावर तेल भरपूर, आत काही नाही. म्हणतो, "बाईजी, वो हौद तो दो साल से सूखा पड़ा है. आप अब आराम करो." आराम!

पाटी पाहिली. नियम माझा – घंटी वाजली की कोणता हौद, किती वाजता, वाफ कोणी बंद केली, सगळं पाटीवर लिहायचं. नाही वाजली तर संध्याकाळी हाताने वाजवून बघायची, मग 'घंटी ठीक'. या महाशयांनी आजच शनिवारपर्यंतचं 'घंटी ठीक' लिहून ठेवलेलं!

"चालू हौदों की रोज बेकार बजती है, बाईजी. कितनी बार भागूँ?"

पगार कशाचा घेतोस मग, म्हटलं. चारचौघांत म्हटलं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

शुक्रवार, ९ मार्च

धुरपता आली होती. गिरणीच्या अंगणात धान वाळवते. गुडघ्यांसाठी करंजीचं तेल आणलं. तिच्या पोरीला ताप आहे, म्हणून औषधाच्या पुड्या फडक्यात बांधून दिल्या. हसली – "तुमची गाठ सोडाले विळाच लागते, बाई." लागणारच. कॉन्व्हेंटातली शिवणाची सिस्टर! दुहेरी गाठ, टोक आत खोचलेलं. टोक दिसलं की बोटांवर पट्टी.

तेवढ्यात तीन वाजले. घंटी. मी विचारलं, ऐकलीस?

"मले त काई नाई आयकू आलं." मग माझ्याकडे नीट बघून, "माह्या मालकालेबी नव्हती आली. तवा तुमी मनलं, झोपला असन."

हो, म्हटलं होतं! शेठपुढे म्हटलं होतं. तिचा नवरा मनिराम तेव्हा बॉयलरवर. तीन नंबरचा हौद उतू गेला, काठावर धान ढवळत होती ती जमुनाबाई कमरेपर्यंत भाजली. आठव्या दिवशी गेली. आणि हा म्हणतो, घंटी वाजलीच नाही! माझ्या तपासणीतली घंटी वाजणार नाही? शेठने त्याच दिवशी काढलं त्याला, हौदही तेव्हापासून बंद.

"दवनीवाड्यात बसून हाये. लोकं खुनी मनतेत. कोनी कामाले घेऊन नाई राहिले. तुमच्या एका बोलानं, बाई."

वाटेला लावलं तिला. मला शिकवते!

तो हौद उतू गेला तेव्हाही तीनच वाजले होते. हे मी आजपर्यंत लिहिलं नव्हतं.

रविवार, ११ मार्च

गिरणी बंद. भोंगा नाही, इंजिन नाही. घंटी वाजली.

सोमवार, १२ मार्च

शिडी मागवली आणि चढले. ईश्वरदास खालून ओरडतोय, "गिर जाओगी, बाईजी!" साठीचे गुडघे, पण चढले.

घंटीच्या लोलकाला चिंधी गुंडाळलेली. काजळीने काळी, तेलाने थबथबलेली. हाताने हलवून पाहिली – ठप्. ठप्. ही घंटी वाजूच शकत नाही. मग मी आठ दिवस ऐकते ते काय?

कोणी बांधली, विचारलं. ईश्वरदास म्हणाला, हौद बंद पडल्यापासून इथे कोणी चढलेलंच नाही. म्हणजे त्याआधीची! मनिरामच. झोप मोडू नये म्हणून! सापडलास, म्हटलं. गाठ सुटेना, शेवटी एका बाईचा विळा घेऊन बाजूने कापली. धुऊन शेठपुढे टाकणार.

मंगळवार, १३ मार्च

काजळी गेली. खालून निळा काठ निघाला.

आज पुढे लिहवत नाही.

बुधवार, १४ मार्च

ट्रंकेतलं निळ्या काठाचं पातळ काढलं. पदराला वीतभर तुकडा नाही. लावून पाहिला – जुळला.

जमुनाबाई भाजली त्याच्या आदला सोमवार. गोळा फुगून अडकला होता, घंटी सकाळपासून उगाच वाजत होती, माझं डोकं फुटत होतं. मीच दुपारपुरती चिंधी बांधली होती. दुपारपुरतीच! गप्प झाली ते कोणाला खटकलं नाही, सगळ्यांना बरंच वाटलं. त्या संध्याकाळी न चढताच पाटीवर 'घंटी ठीक'. पुढेही रोज. अक्षर माझं.

काल तीनला वाजली नाही.

सकाळच्या मोटारीने दवनीवाडा. मनिरामला घेऊन शेठकडे. चिंधी पिशवीत आहे, गाठ तशीच.