बर्फातला कोरा चेहरा

मी येर्मोलाय फ्रोलोविच झुबारेव, चित्रकार, राहणार ग्लुबोकोवो. छाती थकली आहे, डोकं शाबूत आहे. कोणाच्या धाकाने नव्हे, स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवतो की,

घर, गाय आणि चहाचा सामोवार ही माझं घर सांभाळणाऱ्या उलीताला द्यावीत. तिने मला रांधून घातलं आणि टॉवेलला रंगाचे हात पुसतो म्हणून माझा उद्धारही केला. दोन्ही अगदी मनापासून.

कुंचले आणि प्लास्टरचं नाक गावच्या शाळेला. पीटर्सबर्गच्या चित्रशाळेत गुरुजींनी मला असली नाकं समोर ठेवून काढायला लावून पिट्ट्या पाडला. "बर्फात काढण्यासारखं काय असतं रे?" म्हणायचे. पण हाताला वळण लागलं ते त्या नाकांमुळेच, म्हणून तो राग इथेच सोडतो.

शिकून परतलो त्या सकाळी बर्फ नुकता पडून थांबला होता. छपरं, कुंपणं, विहीर, सगळं ओळखीचंच. पण सावल्या निळ्या, उन्हाची कड गुलाबी. देवळात काढतात तशी मी टोपी काढली. एवढं सगळं आभाळातून आवाज न करता खाली येतं, याचं नवल मला आजही पुरून उरलं आहे. आई दारातला बर्फ फावड्याने ओढत होती.

त्या सकाळचं चित्र थोरला भाऊ साव्वाती याला. लहानपणी आम्ही देवचित्रांच्या एकाच कारखान्यात शिकलो. तिथली रीत अशी, की डोंगर-झाडं काढणाऱ्याने चेहऱ्याची जागा कोरी सोडायची. चेहरा चेहरेवाल्यानेच काढायचा. मी डोंगरवाला, तो चेहरेवाला. मी पीटर्सबर्गला निघालो तेव्हा तो म्हणाला, "ना देव, ना संत, नुसता बर्फ काढणार? जा, मर गारठून!" तेव्हापासून अबोला आहे.

चित्रात आईचा चेहरा कोरा आहे. सगळं शिकलो, पण तिथे हात थांबतो. दादा, ते काम तुझं. नाही म्हणालास तर ती जागा तशीच राहील. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

ता. क. हे वाचून दाखवायला पाद्री पिमेन यांनी साव्वातीला बोलावून आणलं. तो चित्राजवळ जाऊन कोऱ्या जागेवर वाकला. मग मला लहानपणीच्या नावाने म्हणाला, "येर्मोशा, तुला बघून ती हसली होती का रे?"

"नाही. ओरडली. 'टोपी घाल आधी, कार्ट्या!'"

"मग बरोबर," तो म्हणाला, आणि उलीताकडे बारीक कुंचला मागितला.

सही: येर्मोलाय झुबारेव
साक्षीदार: पाद्री पिमेन, शाळामास्तर दोरोफेय लुकिच
ग्लुबोकोवो, फेब्रुवारी १८९४