परतीची शेवटची पाटी

गुरुजी, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. मी अजूनही माझ्याच बाजूला आहे.

दर वर्षी संक्रांत सरली की आपली शाळा आणि नदीपलीकडची शाळा आट्यापाट्या खेळायच्या. रिसोडच्या बाजाराला निघालेले गाडीवानसुद्धा बैल सोडून बघत बसत. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांना रोडग्यांचं जेवण घालायचं आणि हरलेल्या गुरुजींनी स्वतः वाढायचं, अशी रीत. तीन वर्षं ओळीनं तुम्हीच वाकून वाढलं होतं. चौथ्या वर्षी आपल्यातला मी एकटाच उरलो होतो. सगळ्या पाट्या चुकवून परत आलो आणि अगदी शेवटच्या पाटीवर पाठीला बोटं लागली. पंचांना दिसलं नाही. आपली पोरं नाचायला लागली होती. मी हात वर केला आणि बाद झालो.

जेवणातली वांगी आमच्याच मळ्यातली होती. पाहुण्यांना वाढून झाल्यावर तुम्ही माझ्यापुढे येऊन उभे राहिलात.

"काहून रे, हरिश्चंद्र लागून गेला काय तू? पंचाले नाई दिसलं, तं तुले कोनी इचारलं होतं?"

"पाठ माही हाये, गुरुजी. मले समजलं."

सगळ्या पंगतीदेखत कानाखाली बसली. पुढे वर्षभर तुम्ही मला फळ्यापाशी बोलावलं नाही. पण मी बरोबरच बोललो होतो. आजही तेच बोलेन, हवी तर आणखी एक द्या.

माझ्या मुलांना ही गोष्ट मी शंभरदा सांगितली आहे, पण इथवरच. पुढच्या वर्षी पुन्हा मीच उरलो, पुन्हा तीच पाटी, आणि या खेपेला बोटं खांद्याला लागली. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पंचांकडे बघत नव्हता, माझ्या हाताकडे बघत होता. हात मी वर केला नाही. पळालो. त्या दुपारी तुम्ही बसून जेवलात, पलीकडच्या गुरुजींनी वाकून वाढलं. निघताना खिशातलं फाउंटन पेन काढून तुम्ही माझ्या हातात ठेवलंत. "आता शिकला," म्हणालात.

त्या पेनात मी कधी शाई भरली नाही. हेही पेन्सिलीनंच लिहितो आहे, आणि घडी करून त्या पेनाशेजारीच ठेवणार आहे. तुम्हाला दोष देण्यात जन्म गेला, गुरुजी. पण खांदाही माझाच होता. मला समजलं होतं.