विहिरीवरच्या एकुलत्या झाडाची तजवीज

मी, खाली सही करणार जोतीराम भिमा कोकरे, वय ६५ वर्षे, सरकारी नोकरीतून निवृत्त, राहणार पिंपळी, ता. बारामती, जि. पुणे. आज माझे डोके ठिकाणावर आहे, चष्म्यातून नीट दिसते, आणि मला कुणी पाजलेले नाही की दम दिलेला नाही. छातीचे दुखणे बरे होण्यातले नाही, असे डॉक्टरांनी तोंडावर सांगितले आहे. म्हणून माझ्यामागे कोणाला काय, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. यापूर्वी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे. लिहिलेले काहीच नाही, पण वकील म्हणाले घाला, म्हणून घातले.

१. पिंपळीचे राहते घर, दोन खोल्या, पडवी आणि गोठा, पत्नी सिंधुबाई हिला तिच्या हयातीपर्यंत. तिच्यामागे मुलगा नागेश याला. मी सव्वीस वर्षे अंदमानात काढली. वर्षाकाठी दीड महिना रजेवर यायचो, त्यातले पंधरा दिवस बोटीत आणि रेल्वेत जायचे. पोरे तिने एकटीने वाढवली. तिला या घरात कोणी "जरा सरका" असेसुद्धा म्हणायचे नाही. सूनबाई सोनम समजूतदार आहे, हे तिला उद्देशून नाही.

२. शेत तीन एकर दहा गुंठे, विहीर आणि मोटारीसह, नागेश याला. ऊस त्याने लावला, कारखान्याचा सभासदही तोच झाला. मला उसातले काही कळत नाही. यातून विहिरीच्या पूर्वेचे दोन गुंठे वगळले आहेत.

३. ते दोन गुंठे मुलगी सुकन्या हिला. ती इंदापूरला दिलेली आहे, शाळेत विज्ञान शिकवते. त्या तुकड्याला पाणी नागेशने आपल्या विहिरीतून द्यायचे, उसाला कमी पडले तरी द्यायचे.

हे कलम नागेशला आधी सांगितले तेव्हा तो तडकला. "दोन गुंठ्यासाठी बहिणीला मधी घालताय व्हय आबा? एका झाडापायी?"

होय, एका झाडापायी. दिवाळीनंतर ते काढून तिथून पाइपलाइन न्यायची आणि ट्रॅक्टर वळवायला जागा करायची, हे त्याने मला विचारून नव्हे, सांगून ठेवले आहे. तो वाईट नाही. पण ते झाड काय आहे हे मी घरात कुणालाच कधी धड सांगितले नाही. मला लाज वाटत होती. आता सांगतो, आणि हे मृत्युपत्रात लिहितो म्हणजे कुणाला फाडून टाकता येणार नाही.

४. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत मी बापाची मेंढरे राखली. पुढे पुण्यात एका सरकारी बागेत माळी झालो, तिथून झाडाझुडपांचा शोध घेणाऱ्या खात्यात मजूर म्हणून अंदमानात बदली. आमचे काम असे: बेटावर उतरायचे, जंगलात शिरायचे, फुलाफळासकट डहाळी आणायची, वर्तमानपत्रात घालून फळ्यांत दाबून वाळवायची, वर चिठ्ठी लिहायची. कुठे मिळाले, कधी मिळाले, किती झाडे होती. ज्या झाडाची नोंद जगात कुणी केलेली नाही, त्याला साहेब लोक नवी जात म्हणून नाव द्यायचे. माझ्या हाताने अशा अकरा जाती सापडल्या. कागदोपत्री माझे नाव एकीलाही नाही.

सन १९७४, फेब्रुवारी. निकोबारच्या दक्षिणेला एक बारके बेट आहे, दोन दिवसांत पायी पालथे घालता येईल एवढे. साहेब होते मोहनराव केळस्कर. ते तापाने तंबूत पडले होते. मी एकटा ओढ्याने वर गेलो. तिथे एक झाड दिसले. दोन पुरुष उंच, पाने खालून तांबूस, लोकर लावल्यासारखी, आणि शेंड्याला जांभळ्या फळांचे घोस. असे झाड मी बघितले नव्हते. सगळा ओढा धुंडाळला, दुसरे नव्हते. जवळ त्याच पानांचे एक खोड वादळाने पडून कुजत होते, बस्स.

तंबूत आलो. साहेबांनी विचारले, "किती आहेत?" मी म्हणालो, "पाच-सहा असतील."

का म्हणालो? आम्हा धनगरांना कुणी मेंढरे किती विचारली, तर खरा आकडा आम्ही सांगत नाही. नजर लागते. बापाने लहानपणी त्यासाठी मला कानफटवलेही होते. ते तोंडातून आपसूक गेले. आणि एकच म्हटले तर साहेब हात लावू देणार नाहीत, हेही मनात होतेच. खोटे बोलणार नाही आता.

पाच-सहा आहेत म्हटल्यावर साहेब खूश झाले. म्हणाले, "मग फळांचा आख्खा घोस आण. वर चढून हातभर डहाळी साफ काप, बुंध्याला धक्का लावू नको." मी चढलो नाही. मेंढक्याला कुणी झाड तोडायला शिकवावे? आमची रीत ठरलेली. फांदी पुरती तोडायची नाही, कोयत्याने अर्धी कापून खाली वाकवायची. मेंढरे पाला खातात, फांदी झाडालाच राहते, पुढच्या साली तिथूनच फुटते. बाभळीला केली, हिवराला केली, एक झाड मेले नाही. तशीच त्या झाडाची मान मी अर्धी कापली आणि शेंडा जमिनीला टेकवला. घोस घेतले, शाबासकी घेतली.

पण आपल्याकडे कापलेली जागा उन्हाने चार दिवसांत सुकते. तिथे आठ-नऊ महिने पाऊस. १९७७ साली आम्ही परत गेलो, तेव्हा त्या कापातून पाणी मुरून झाड मुळापर्यंत काळे पडलेले होते. हात लावला तर बोटे आत गेली. मी तिथेच खाली बसलो. बरोबर आलेले सहाजण तीन आठवडे बेट शोधत होते. मी पण शोधायचे नाटक केले. छापलेल्या पुस्तकात आजही "पाच-सहा झाडे" असेच आहे, म्हणून ते शोधायची, जपायची कुणाला घाई नाही. शोधणारा म्हणून मोहनरावांचे नाव आहे. त्या खुनाच्या कागदावर माझे नाव नाही, हे त्यांचे उपकारच म्हणायचे. त्यांच्याविषयी माझी आता तक्रार नाही. ते चढायला सांगत होते.

५. त्या घोसातल्या चार बिया मी तंबाखूच्या चंचीत लपवल्या. ही सरकारी मालाची चोरी आहे, ती कबूल करतो. रजेवर आलो तेव्हा विहिरीशी लावल्या. तीन कुजल्या, एक रुजली. मी परत गेलो आणि सिंधुबाईने ती जगवली. उन्हाळ्यात बारदान गुंडाळले, बुडाशी पाचट घातले. पुढे उसाने तिन्ही बाजूंनी सावली आणि ओल धरली, म्हणून नागेशचेही उपकार आहेत, त्याला माहीत नसले तरी. सिंधुबाई झाडाला सवत म्हणायची. मला पाठवायचे पत्र ती कुणाकडून लिहून घ्यायची त्यात पहिली ओळ तीच, "सवत बरी हाय, दोन पानं नवी आली." ते वाचून मला जेवण जायचे.

६. या श्रावणात, बावीस वर्षांनी, झाडाला फूल आले. मी भिंग घेऊन धावलो. फूल उघडून बघितले. नुसता पराग. आणखी वीस फुले उघडली, सगळीकडे तेच. पपईत असतो तसा हा नर निघाला. ओढ्याशी पडून कुजत होता तो नर असणार, आणि मी कापली ती शेवटची मादी. याला फळ कधीच धरणार नाही. कलमे मी बारा वर्षे करून बघितली, एक लागले नाही. सिंधुबाईला सांगितले तर ती हसली, "आगं बया, इतकी वरसं सवत म्हणून पाणी घातलं, न् निघाला बाप्या!" मी विहिरीच्या काठावर बसून लहान पोरासारखा रडलो, हे लिहायला मला आता काही वाटत नाही.

७. दाबाच्या फळ्या, भिंग आणि कोयता सुकन्याला. फळ्यांत या झाडाची फुले वाळवून ठेवली आहेत. नराचे फूल आजवर कुणी बघितलेले नाही. ती तिने आमच्या खात्याच्या पुण्याच्या कार्यालयात नेऊन द्यावीत. वर चिठ्ठी मी लिहिली आहे, तीत अक्षर बदलू नये. तीत "एकच झाड होते, जोतीराम कोकरे याने तोडले" असे आहे. कोणी म्हणेल, हे शेवटचे वाक्य गाळा. गाळायचे नाही.

८. हे झाड कुणी तोडायचे नाही. त्याला वाचवा असे मी म्हणत नाही, वाचून त्याला पुढे काही नाही. त्याला त्याच्या मरणाने मरू द्यावे. आणि ज्या दिवशी ते पुरते वाळेल, त्या दिवसापासून नागेशने दहा दिवस आणि सुकन्याने, ती सासरची म्हणून, तीन दिवस सुतक पाळावे. माझे पाळाल तसेच.

नागेश म्हणाला, "झाडाचं सुतक? आबा, गाव हसंल."

हसू दे. माणूस मेला तर सुतक धरायला भाऊबंद असतात. याला जगात कोणी नाही. जे होते ते मी संपवले.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण: पिंपळी, ता. बारामती
दिनांक: १४ ऑक्टोबर १९९६

(सही) जोतीराम भिमा कोकरे

साक्षीदार:
१. (सही) म्हस्कू गेणबा टकले, रा. वडगाव निंबाळकर
२. (सही) शंभूराज खलाटे, रा. कोऱ्हाळे बुद्रुक