भर वैशाखात भरलेली विहीर

दादा, मी घर घेतलं. मुखेडला नाही, लातूरलाही नाही, पार कोकणात, एका खाडीच्या काठाला, जिथं शेवटची एसटी वळून परत जाते आणि पुढं रस्ताच नाही. तुमचा पहिला प्रश्न मला इथं बसून ऐकू येतोय. ‘हीर बघितली का?’ बघितली, दादा. जरा जास्तच बघितली. तेच सांगायला बसले आहे.

घराची हौस तुमच्या जावयांची. तुम्ही गेल्यावर पुढं एका उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली होती. तेव्हा हे कामावरून यायचे आणि घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभे राहायचे. तिथंच एकदा म्हणाले, ‘रिटायर झालो की पाण्याच्या कडंला जाऊन ऱ्हाणार. प्यायचं नसंना का, नुस्तं बघत बसायचं.’ मी हसण्यावारी नेलं. माणूस दमला की काहीही बोलतो. पण यांनी ते मनात धरून ठेवलं होतं. माझीही शाळेची नोकरी संपली आणि गेल्या उन्हाळ्यात हे घर बघायला आम्ही निघालो. मी बरोबर गेले ती खोट काढायला, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मालक सत्तरीपुढचे, बायको गेलेली, मुलीजवळ जाऊन राहायचं म्हणून घर काढलेलं. त्यांनी बसवून आधी कोकम सरबत दिलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. सौद्याच्या आधीच माणूस इतका गोड वागतो म्हणजे काहीतरी आहे. मग भाव सांगितला. तो वाजवी होता, त्यानं तर मी आणखीच सावध झाले. चिऱ्याच्या भिंती ठोकून बघितल्या, कौलं खालून निरखली, सातबारा वकिलाला दाखवला, मग दुसऱ्या वकिलाला दाखवला. सगळं ठीक. सगळं ठीक असणं हे आपल्या घरात कधी चांगलं लक्षण मानलेलं नाही. परसात गेलो तर दगड रचून केलेला बांध, त्याला इकडं गडगा म्हणतात, आणि त्या गडग्याच्या मधोमध विहीर. अर्धी मालकांची, अर्धी शेजारणीची. शेजारीण एकटीच राहणारी, साठीची बाई, तिच्या बाजूच्या रहाटानं पाणी ओढत होती. आपल्याकडं सामायिक विहीर म्हणजे दोन पिढ्यांची कोर्टकचेरी. आणि ती विहीर भर वैशाखात भरलेली! बाईनं हसून माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. गोड होतं. मालक म्हणाले, ‘पाण्याला मरण नाही. फक्त या दिवसांत मोटर लावून ओढायचं नाही हो. थोडं थोडं काढायचं.’ बस. मला जे पाहिजे होतं ते मिळालं.

मुखेडच्या पलीकडचं ते रान तुम्हाला आठवतं का? मी तिसरी-चौथीत असेन. चैत्राचं ऊन आहे, चपलेतूनही पाय भाजतायत, आणि आई माहेरी गेलीय म्हणून तुम्ही मला बरोबर घेतलंय. विहीर काठोकाठ आहे. विकणारा माणूस हसतमुख, तोंडभरून बोलणारा. तो मला गुळाचा खडा देतो. तुम्ही तो माझ्या हातातून काढून त्याच्याच हातावर ठेवता. ‘आधी हीर उपसू, मंग गूळ खाऊ.’ मग इंजिन भाड्यानं आणता. दुपारपर्यंत तळ दिसतो, आणि आपण बाभळीखाली दिवस मावळेपर्यंत बसतो तरी त्यात वाटीभर पाणी येत नाही. कोरड्या विहिरीत टँकर ओतून ठेवलेले असतात. येताना मी म्हणते, ‘पण माणूस चांगला वाटत होता.’ तुम्ही वाटेतच थांबता. ‘वाईट वाटला असता तर मी गेलोच नसतो की. फसविणाऱ्याला चांगलंच दिसावं लागतंय, बाई.’ तुमचा आवाज चढला होता, पण मला त्या दिवशी तुमचा इतका अभिमान वाटला की गूळ गेल्याचं काही वाटलं नाही. शाळेत मी मैत्रिणींना ही गोष्ट कितीतरी दिवस सांगत होते.

नंतर तुम्ही किती रानं बघितलीत, किती विहिरी उपसल्यात. पाणी येणाऱ्या विहिरीही होत्या त्यात. पण तोवर तुम्हाला दुसरं काहीतरी दिसलेलं असायचं. बांध वाकडा आहे, वाट दुसऱ्याच्या रानातून आहे, विकणाऱ्याचा भाऊ गप्प का बसलाय. माझं लग्न ठरवायला लातूरला आलात तेव्हा मुलाशी दोन शब्द बोललात आणि सरळ गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण उघडून बघितलंत. तुमचे जावई अजून लोकांना हसून सांगतात ते. शेवटच्या दुखण्यात तुम्ही माझा हात धरून म्हणालात, ‘जल्मात मला कोणी फसविलं न्हाई बघ.’ मी हो म्हणाले. खरंच होतं ते. तुम्ही काही घेतलंही नाही, हेही खरं होतं. आई तेव्हा स्वयंपाकघरात होती, तिला ऐकू गेलं असणार. तिनं उभा जन्म दुसऱ्याच्या विहिरीवरून पाणी आणलं.

तर कोकणातले मालक आम्हाला म्हणाले, दोन दिवस राहून बघा, आणि घराची किल्ली आमच्या हातात देऊन स्वतः मुलीकडे निघून गेले. कोणता विकणारा असं करतो? दुसऱ्या दिवशी शेजारीणही सकाळच्या एसटीनं लग्नाला गेली. मी बाजारात जाऊन मोटर भाड्यानं आणली. ‘अगं, ते नको म्हणले व्हते ना?’ हे म्हणाले. ‘कशाला करायलीस?’ नको म्हणाले म्हणूनच, मी म्हणाले. पाणी माडांच्या बुंध्यांवरून खाडीकडे वाहायला लागलं. एवढं पाणी नुसतं वाहून जाताना बघणं लातूरच्या माणसाला सोसवत नाही; तुमचे जावई पाठ फिरवून ओट्यावर बसले. दुपारी विहीर निम्म्यावर आली आणि मग खाली जाईचना. माझा संशय त्यानं फिटला असं समजू नका. कुठून नळी तर सोडलेली नाही ना, म्हणून मी वाकून वाकून आतले दगड बघत होते. दिवस बुडेपर्यंत मी मोटर बंद केली नाही.

सकाळी विहीर पुन्हा भरलेली. मी मनातल्या मनात हार मानली आणि चहा टाकला. पहिला घोट यांनी घेतला आणि कप खाली ठेवला. ‘साखर समजून मीठ घातलंस का?’ मी घोट घेतला. मग बाहेर जाऊन विहिरीचं पाणी जिभेवर घेतलं. मचूळ, घशाखाली उतरेना असं. तेवढ्यात पलीकडे रहाट वाजला. शेजारीण रात्रीच परतली होती. तिनं कळशी वर घेतली, तळहातावर पाणी घेऊन चाखलं आणि थुंकली.

‘मोटर लावलीत?’

‘लावली.’

‘सबंद दिवस?’

मी मान हलवली. तिनं कळशीतलं पाणी ओतून दिलं. ‘अवो, आमच्याकडं हीर आटत नाय. खारी व्हते. वरचं गोडं पानी ओढून घेतलंत, मग खालनं खाडी आली आत.’

आपल्याकडं विहिरीतली लबाडी तळाशी सापडते, दादा. इथं तळाशी समुद्र होता, आणि तो मी स्वतः वर आणला होता. मी विचारलं, आता कधी गोड होणार? ‘झाली तर पावसाळ्यानंतर,’ ती म्हणाली, ‘नाय झाली तर नाय.’ कळशी काखेत घेऊन ती घाटीवरच्या सार्वजनिक नळाकडे निघाली. गुडघे दुखत असणार, ती प्रत्येक पायरीला हात टेकत चढत होती. मला रडू आलं. कोणाचं काही चोरलं असतं तरी इतकी लाज वाटली नसती.

मालक परत आले तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, चिडतील, शिव्या देतील, निदान मग बरोबरी होईल. ते रहाटाला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, ‘म्हणजे आता तुम्ही घेणार नाही.’ विचारलंही नाही, नुसतं म्हणाले. खाऱ्या विहिरीचं घर दुसऱ्या कोणीही घेतलं नसतं आणि त्यांचं मुलीजवळ जाणं राहिलं असतं. यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी, तुमची लेक, खारी विहीर डोळ्यांसमोर असताना, ती गोड होईल असा शब्द कोणी देत नसताना, पर्समधून इसाराचे पैसे काढून त्यांच्या हातावर ठेवले. तुम्ही असतात तर मला वेडी म्हणाला असतात.

मृगाच्या आधी आम्ही राहायला आलो. मी रोज घाटीवरून पाणी आणायची आणि एक कळशी गडग्यावर शेजारणीसाठी ठेवायची. पहिल्यांदा ती तशीच राहिली, दुपारपर्यंत उन्हात तापली. पुढं शेजारीण ती उचलून न्यायला लागली, पण बोलायची नाही. श्रावणात विहिरीचं पाणी काठाला लागलं. मी चाखून बघितलं तर गोड! धावत गडग्यापाशी जाऊन तिला हाक मारली. ती सूप बाजूला ठेवून आली, विहिरीत डोकावली आणि म्हणाली, ‘ह्ये पावसाचं पानी. वरवरचं. भरली म्हनून काय खरं मानायचं? दसरा व्हऊ दे, मग बघू.’ दादा, अगदी तुमचं बोलणं. भरलेल्या विहिरीवर विश्वास न ठेवणारं माणूस मला या गावात भेटलं, आणि त्या दिवसापासून इथं जीव जरा रमायला लागला.

दसरा झाला, दिवाळी झाली. परवा सकाळी अंगण झाडताना बघते तर गडग्यावर पितळी तांब्या, पाण्यानं भरलेला. शेजारीण पलीकडे उभी. मी तांब्या उचलला, आणि काय सांगू, आधी थोडं पाणी तळहातावर घेतलं, हुंगलं, उजेडात धरून बघितलं, तुम्ही बघायचात तसं. मग ध्यानात आलं की ती माझ्याकडेच बघतेय. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती हसली. ‘बघा, बघा. मी पन रोज बघूनच घेते. आनि तुमची मोटर परत आली का, त्ये पन बघते.’ पाणी गोड होतं. मी उभ्या उभ्या तांब्या रिकामा केला.

हे पत्र टाकायचं कुठं? तुमच्या जावयांनाही दाखवणार नाही, कारण एक गोष्ट त्यांना सांगितलेली नाही. त्या दिवशी मोटर चालू असताना मी विहिरीवर वाकून पुटपुटत होते, आट, आट. आटली असती तर हे घर गेलं असतं, यांनी आयुष्यात मागितलेली एवढी एक गोष्ट गेली असती, आणि मी ताठ मानेनं लातूरला परतले असते. मला घर नको होतं असं नाही, दादा. तुम्ही खरे निघायला हवे होतात.