रुखवतातली धुतलेली गोधडी

नाना,

तुम्ही सांगण्याआधीही एक गोष्ट माझ्या नजरेला आली होती, आणि बहुतेक प्रत्येक घरात ती कोणी ना कोणी पाहिलेली असते. जुन्या साड्यांची गोधडी कितीही वेळा धुतली तरी तिचे अंग सपाटच राहते. त्याच घरात हौसेने नवे कापड आणून शिवलेली गोधडी मात्र पहिल्याच धुण्यानंतर दोरीवरून उतरते ती आखडून, टाक्याटाक्यांमध्ये फुगून, कडा आत ओढून घेऊन. दोष शिवणारीच्या हाताला लागतो. तिने दोरा ओढून धरला, असे सगळे म्हणतात. तिचे काहीही चुकलेले नसते हे मला ठाऊक आहे, कारण तुम्ही ते मला समजावून दिले होते. ज्या दिवशी तुम्ही ते माझ्या सासरच्या सगळ्यांना समजावून सांगितले, त्या दिवसाची लाज मला अजून वाटते. पूर्वी ती तुमची वाटत असे, आता माझी वाटते, एवढाच फरक.

आई गेल्यानंतर वर्ष उलटले आणि माझे लग्न ठरले. निफाडचे द्राक्षबागायतदार, मोठे कुटुंब, कोणाचे कोणाशी काय नाते हे समजायलाच मला पुढे बरेच दिवस लागले. रुखवतात मुलीच्या घरची गोधडी मांडतात, आणि ती आईने शिवायची असते. शेजारच्या काकू म्हणाल्या, मी आणते कुठून तरी शिवून. तुम्ही मान हलवलीत. "दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेलं गणित होईल ते," असे म्हणालात, आणि मेन रोडवरून लाल आणि पांढरे सुती पॉपलीन घेऊन आलात. विज्ञानाचे शिक्षक असल्यामुळे शाळेतला फळा, खडू आणि प्रयोगाची परीक्षानळी यांच्यापलीकडे तुमच्या हाताला काही येत असेल अशी कोणाला कल्पना नव्हती. आत घालायला आईच्या साड्या होत्या. कापड घरात आले त्याच संध्याकाळी तुम्ही मोरीत दोन बादल्या भरल्यात आणि ते सगळेच्या सगळे, लाल एकीत आणि पांढरे दुसरीत, पाण्यात बुडवलेत. काकू दारातच थबकल्या. "अहो मास्तर, कोरं कापड भिजवता? रुखवतात मांडायचंय ना ते?" तुम्ही बाह्या सरसावत म्हणालात, "म्हणूनच भिजवतोय."

तुम्ही मोरीच्या कट्ट्यावर बसला आहात, हात कोपरापर्यंत ओले, आणि मी दाराला टेकून उभी आहे. विणताना उभे धागे मागावर ताणून धरलेले असतात, तुम्ही सांगता आहात. पुढे गिरणीत तेच कापड ओढून, दाबून, खळ लावून गुळगुळीत करतात. ते दुकानात येते तेव्हा आपल्या खऱ्या लांबीपेक्षा थोडे जास्तच लांब असते. पाणी लागले की प्रत्येक धागा फुगतो. फुगलेल्या धाग्याला दुसऱ्या धाग्याला वळसा घालायला अधिक लांबी लागते, ती तो कापडाच्या लांबीतून काढून घेतो, आणि कापड आटते; उभ्या बाजूने जास्त, आडव्या बाजूने कमी. आईच्या साड्यांचे हे आटणे केव्हाच होऊन गेलेले आहे. आता बाहेरचे नवे कापड न धुता त्यांना टाचले तर पहिल्या धुण्यात नवे आखडेल, जुने आखडणार नाही, आणि टाके दोघांना सोडणार नाहीत. मग आतले कापड घड्या करून बसेल. हे सांगताना तुमचा आवाज वर्गात चढायचा तसाच चढला होता.

तुमची पद्धत मी अजून तशीच पाळते. कापड थोडे जास्तीचे घ्यायचे. कापलेल्या कडा पाण्यात उसवतात, म्हणून आधी कडेने कच्चा टाका घालायचा. पुढे गोधडी जशी धुतली जाणार तशीच पहिली धुलाई करायची: गरम पाण्यात धुतली जाणार असेल तर गरम पाण्यात, उन्हात वाळणार असेल तर उन्हात, नुसते पाण्यातून काढून भागत नाही. लाल कापड वेगळे धुवायचे, पाण्याला रंग येणे थांबेपर्यंत. पिळायचे नाही. किंचित ओलसर असताना इस्त्री करायची, आणि इस्त्री कापडावर दाबायची, ओढायची नाही, नाहीतर आपणच त्याला पुन्हा ताणून ठेवतो. सुती दोऱ्याची लडसुद्धा भिजवून वाळवायची, कारण दोराही आटतो. हे शेवटचे तुम्हाला पहिल्या धुलाईनंतर सुचले आणि रीळ आतपर्यंत भिजत नाही म्हणून तुम्ही भर दुपारी चप्पल घालून पुन्हा लडीचा दोरा आणायला गेलात.

लग्नाच्या दिवशी मी मुंडावळ्या बांधून बसले आहे. रुखवत समोरच मांडलेले आहे. माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण, सगळ्यांच्या आत्याबाई, एकेक वस्तू हातात घेऊन पाहते आहे. गोधडीशी ती थांबते. बोटांत कापड चुरते, नाकाशी नेते.

"हिला साबणाचा वास येतोय गं. धुयेल हाय हे कापड. नव्या नवरीला वापरेल पांघरूण देता का काय?"

बायका जवळ सरकल्या. काकू काही बोलणार, तेवढ्यात तुम्ही पंगतीकडून आलात, आणि तुमचा चेहरा खुलला. तुम्हाला वाटले, कोणीतरी योग्य प्रश्न विचारला.

"अगदी बरोबर ओळखलंत तुम्ही. दोनदा धुतलंय मी."

"तुम्ही धुतलंय? मग शिवली पण तुम्हीच का काय, मास्तर?"

"हो. टाके मधेमधे वाकडे आहेत, पण आटणार नाही, त्याची खात्री देतो."

हशा पिकला. तुम्हीही हसलात. मग तुम्ही तिथल्या दोन मुलींना एकमेकींचे हात धरून ताणून उभे केलेत आणि म्हणालात, कापड गिरणीतून असे येते. आता यांना रात्री झोपायला सांगितले तर या अशाच राहतील का? अंग सैल सोडतील. कापडही पाण्यात अंग सैल सोडते. मुली खिदळत होत्या. तुम्ही ताण्याबाण्यावर आलात तेव्हा मागे माझ्या दिराच्या मित्रांनी शाळा सुटल्याची घंटा तोंडाने वाजवली.

"मास्तर, लग्नात शाळा नका घेऊ," आत्याबाई म्हणाल्या. "कोरं द्यायला जमलं नाय म्हणा. आम्ही काय नावं ठेवणार हाय का?"

नावे ठेवून झालीच होती. आईविना मुलीला बापाने जुने कापड देऊन वाटेला लावले, हे आता निफाडपर्यंत जाणार होते, आणि मला त्याच घरात राहायचे होते. मी तुमच्या सदऱ्याची बाही ओढली आणि म्हणाले, "नाना, पुरे करा ना." तुम्ही वाक्य अर्धे सोडलेत. दोन्ही मुलींच्या डोक्यावर हात ठेवून त्यांना जायला सांगितलेत, आणि गोधडीची घडी पुन्हा नीट घातलीत.

ती गोधडी आम्ही इतकी वर्षे वापरली. घरातल्या कोऱ्या कापडांच्या गोधड्या एकेक करून आखडल्या, गोळा झाल्या. ही सरळ राहिली. हे कोणाच्या लक्षात आले नाही. जी गोष्ट बिघडतच नाही, तिच्याकडे कोण पाहणार? मी तुमच्याशी त्या दिवसाबद्दल कधीच बोलले नाही. तुम्हीही विषय काढला नाहीत. पुढे तुम्ही गेलात, आणि त्यानंतर कधीतरी मी स्वतः विज्ञान शिकवू लागले. आम्ही नाशिकला राहायला आल्यावर कॉलनीतल्या बायकांना सुट्टीत गोधडी शिवायलाही शिकवते. त्यांच्यातल्या दोघींना एकमेकींचे हात धरून ताणून उभे करते, तुमच्यासारखेच. त्या खिदळतात, आणि मला बरे वाटते. तिथे मला कसलीच लाज वाटत नाही.

मागच्या आठवड्यात निफाडला धाकट्या नणंदेच्या मुलीचे बारसे झाले. सासूबाईंनी महिनाभर आधीच सांगून ठेवले होते, "गोधडी तूच शिव. पण कोऱ्या कापडाची हं. लोक हात लावून बघतात." मी हो म्हटले. कापड आणले, कडेने टाका घातला, गरम पाण्यात धुतले, उन्हात वाळवले, पुन्हा धुतले. सगळे तुमच्या रीतीने. आणि मग, नाना, मी तांदळाची पातळ खळ शिजवली, ते सगळे कापड तिच्यात बुडवून काढले, आणि दुकानातून आत्ताच आणल्यासारखे करकरीत होईपर्यंत इस्त्री फिरवली. साबणाचा वासही उरला नाही. तान्ह्या बाळाच्या अंगाला खळ टोचेल हे मला कळत होते. एका धुण्यात निघून जाईल, असे मी मनाला समजावले.

आत्याबाई आता वाकल्या आहेत, पण बोटे तीच आहेत. त्यांनी गोधडी मांडीवर घेतली, चुरून पाहिली, नाकाशी नेली. "याला म्हणायचं कोरं. बघा गं, कशी करकरीत हाय." मग माझ्याकडे पाहून हसत म्हणाल्या, "बापाला नाय जमलं, लेकीला जमलं."

सासूबाईंच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल अभिमान होता. सगळ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. तुम्ही होतात तेव्हा तुम्ही पुढे येऊन म्हणाला होतात, बरोबर ओळखलंत. मला एवढेच म्हणायचे होते की आत्याबाई, या वेळी तुम्ही चुकीचे ओळखलेत. हेही धुतलेलेच आहे, नानांनी धुतले होते तसेच. तेवढे म्हटले असते तर तुमचे अर्धे राहिलेले वाक्य पुरे झाले असते. मी हसले, आणि म्हणाले, "तुमचे आशीर्वाद, आत्याबाई."

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते टपालात टाकले असते असे वाटत नाही. आज सकाळी नणंदेचा फोन आला होता. गोधडी अजून घडीत आहे, वापरायला काढायची म्हणते. धुऊन घे आधी, एवढेच मी सांगितले. का, ते सांगितले नाही. आणि एक राहिले. बारशाच्या दिवशी आत्याबाईंच्या शेजारी पाण्याचा तांब्या होता. त्यांनी गोधडी मांडीवर घेताच मी तो उचलून आत नेऊन ठेवला. सगळ्यांना वाटले, सून किती जपते. मला भीती थेंबाची होती, कारण हाताला आणि नाकाला फसवता येते, थेंबाला येत नाही. ज्याला खात्री करून घ्यायची असेल त्याने बोटाच्या टोकावर पाणी घ्यावे आणि एक थेंब कापडावर अलगद सोडावा. गिरणीतून आल्यावर पाणी न लागलेल्या कापडावर, गिरणीच्या मेणकट खळीमुळे, तो बराच वेळ मण्यासारखा उभा राहतो; ते कापड अजून आटायचे आहे. नीट धुतलेल्या कापडावर तो टेकताच पसरतो. वरून घरची खळ दिलेली असेल तर जरासा अडखळतो, आणि मग पसरतोच.