बॉनेटवरची संत्र्याची साल

ती. दादांना,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण कंबर धरली आहे. कारण पुढे येईल.) तुमचा खोकला कसा आहे? मागच्या आठवड्यात मंगळवारी आमच्या फाटकाशी उभं राहून तुमच्या आईंशी बोलताना तुम्ही तीनदा खोकलात, ते मी पडद्याआडून मोजलं. आम्ही सर्व इकडे मजेत आहोत. इकडे म्हणजे तुमच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून, आणि एवढ्याशा अंतरासाठी पत्र कशाला असं तुम्हाला वाटेल. पण तुम्ही दोन वर्षं फाटकाच्या आत पाऊल टाकत नाही आणि मला बाहेर यायला तोंड नाही, तेव्हा पोस्टमनला मध्ये घेणं भाग आहे.

आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन काल व्यवस्थित पार पडलं, हे तुम्हाला कळलंच आहे. रविवारी सकाळी पट्टी काढून घरी सोडतील. दवाखान्यात जाताना त्यांनी तुमच्या बहिणीला एकच गोष्ट सांगितली, तीही मला स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा आवाजात: "मला न्यायला ह्यांच्या गाडीतून या. आणि दोघं या." ह्यांच्या म्हणजे कै. बाबांच्या, हे उघड आहे. दोघं म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. मी आणि तुमची बहीण असणार, असा मी सोयीचा अर्थ काढला. तुमची बहीण यावर हसली, आणि ते हसणं मला आवडलं नाही.

आता गाडीविषयी. बाबांनी स्वतःच्या हाताने दिलेला तो निळा रंग पार विटला होता आणि दारांच्या तळाशी गंज धरला होता. ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हाच माझ्या मनात आलं की, नव्या नजरेला पहिली गाडी दिसावी ती चकचकीत दिसावी. (हेतू शुद्ध होता, एवढी नोंद घ्यावी.) हे काम तुमचं, हे मला ठाऊक होतं. सबंध गावात गाडी रंगवावी तर तुम्ही. परंतु दोन वर्षांपूर्वी आमच्याच जेवणाच्या टेबलावर "रंग देण्यात काय एवढं? हात हलवायचा," हे वाक्य माझ्याच तोंडून निघालं होतं. तुम्ही पानातलं संपवलंत, हात धुतलेत, चप्पल घातलीत आणि गेलात. आता त्याच तोंडाने तुमच्याकडे कसा येणार? तेव्हा म्हटलं, हात आपल्यालाही दोन आहेत.

रंग फवारायची गन आणि कंप्रेसर भाड्याने आणला. अंगणात दोऱ्या बांधून चारी बाजूंनी चादरी टांगल्या. (त्या मंगळवारी तुम्ही फाटकातून ज्यांच्याकडे पाहिलंत त्या याच. आई म्हणाल्या, जावई रंग देतोय. तुम्ही हवेत थिनरचा वास घेतलात आणि नुसती मान हलवलीत. ती मान मला अजून दिसते.) खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरली, घासली, प्रायमर मारला, इथवर सगळं पुस्तकाप्रमाणे झालं. मग रंग. दुकानदाराने मिसळून दिलेला निळा डब्यात निळा होता, गाडीवर बसल्यावर वांगी झाला. त्यातून ऊन कडक. थिनर मी बेताने घातला, कारण पातळ करून देणारा माणूस मला दुधापासूनच आवडत नाही. गनही अंगावर उडू नये म्हणून लांब धरली. दुसऱ्या दिवशी चादरी बाजूला केल्या तर सबंध गाडीला संत्र्याची साल, तसेच बारीक खड्डे. लांबून पाहिलं तर गाडी ठीक होती, पण हात फिरवला की काटा यायचा. आणि तुमच्या घरची रीत मला माहीत आहे. काम संपलं की बाबा डोळे मिटून पत्र्यावर तळहात फिरवायचे आणि मग आईंना बोलावून त्यांचा हात फिरवायला लावायचे. आईंचा हात अडला तर गाडी परत आत. दवाखान्याच्या दारात त्या नवा डोळा उघडायच्या आधी बॉनेटला हात लावणार, याबद्दल मला शंका नव्हती.

तेव्हा घासणं आलं. दुकानातून पाण्यात भिजवून वापरायचे पॉलिश पेपर आणले: दोन हजार, हजार, चारशे आणि दोनशेवीस नंबरचे. एकतीस वर्षं मी कार्यालयात दुसऱ्यांचे कागद तपासले आहेत, आकड्यांचा माझा विचार पक्का असतो. दोन हजार म्हणजे सर्वांत खरखरीत, आणि जसजसा आकडा उतरेल तसतसा कागद मवाळ, हे एवढं स्वच्छ होतं की मागे छापलेलं वाचायचीही गरज पडली नाही. दोन हजारने दिवसभर वाकून घासलं, साल जागची हलली नाही, कंबर मात्र धरली. मला वाटलं, काय चिवट रंग दिलाय आपण. हजारने थोडी हलली. चारशेने भराभर प्रगती दिसायला लागली. शेवटचा हलका हात म्हणून दोनशेवीस घेतला तेव्हा मी शीळ वाजवत होतो. तुमची बहीण तिन्ही दिवस पायरीवर बसून वाटाणे सोलत होती. (तीन दिवस आम्ही वाटाणे खाल्ले.) तिसऱ्या दिवशी पाणी ओतून पाहिलं, तर बॉनेटवर जणू मांजरांची मारामारी झाली होती, आणि कडेला वांगी रंग प्रायमरसकट उडून खालून बाबांचा निळा वर आला होता. मी हात धुवायला आत गेलो. परत आलो तर बॉनेटवरच्या गढूळ पाण्यात बोटाने लिहिलेलं होतं: पुन्हा सादर करावे. हा माझा कार्यालयातला शेरा आहे. लोकांना तो वाचून काय वाटत असेल, याचा विचार मी एकतीस वर्षांत प्रथमच केला.

मग तिने पदर खोचला, टाकून दिलेला दोन हजारचा, म्हणजे खरा सर्वांत मवाळ, कागद उचलला, बादलीत साबणाचे दोन थेंब टाकले आणि त्या उघड्या पडलेल्या निळ्यावर एका रेषेत हात चालवायला लागली. लहानपणी बाबांच्या गाड्या रंगवायच्या शेडमध्ये नंबराप्रमाणे कागद देण्याचं काम तिचंच होतं, हे मला लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर कळलं. आधी का नाही सांगितलंस, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. ती मान वर न करता म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी त्या टेबलावर मीही वाढत होते."

तिने फडक्याने पुसलं आणि माझा हात धरून त्या जागेवर ठेवला. दादा, तळहाताएवढीच जागा आहे ती. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा रंग, वरून माझा वांगी थर आणि माझे तीन दिवस सोसून, इतका गुळगुळीत की हात थांबला. मला मनापासून लाज वाटली. हात हलवायचा म्हणजे काय, ते मला तिथे कळलं, आणि ते वाक्य मी परत घेतो. हे खरं म्हणजे पत्राच्या पहिल्या ओळीत यायला हवं होतं. पण पहिली ओळ लिहायला मला चार दिवस लागले, आणि तीही शेवटी नमस्कारावर भागवली.

सध्याची स्थिती अशी: उजवी बाजू तुमच्या बहिणीने घासली आहे, तीत तोंड पाहून भांग पाडता येतो. डाव्या बाजूला मी आहे. बॉनेट दोघांचं.

तुमचा,
आज्ञाधारक मेहुणा (आजपासून)

ता. क. : काही मागण्यासाठी हे पत्र नाही. फक्त दोनशेवीसचे ओरखडे घालवायला मधले कोणते नंबर वापरायचे, तेवढं एका कार्डावर कळवावं.

ता. क. २ : तुमचं पॉलिशचं मशीन दोन दिवसांसाठी मिळालं तर बरं होईल. शनिवारपर्यंत परत करीन.

ता. क. ३ : मशीन जड असतं असं ऐकतो. माझी कंबर ही अशी. तेव्हा कुणीतरी ते घेऊन यावं लागेल, आणि आणणाऱ्याला फाटकाबाहेर उभं ठेवणं बरं दिसणार नाही.

ता. क. ४ (बहिणीच्या हातचं) : दादा, पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून वाचलं. बाबांचं पॉलिशचं मशीन आमच्याच पलंगाखाली आहे. रोज सकाळी उठताना यांचा पाय त्याला लागतो. आणि आईने सांगितलेले दोघं म्हणजे तू आणि हे. तू रिकाम्या हाताने ये.