तांदूळ माझे, गोटे तुझे

प्रिय शकू,

सगळ्यात आधी कुसुमवन्सं आल्या. दुसरं कोण येणार? बातमी निघाली की आपल्या नणंदबाई धरमपेठेतून सक्करदऱ्याले तिच्याही आधी पोचतात, हे तुले सांगायले नको. मी कणीक मळून राहिली होती. फाटक वाजलं. वन्संच्या मागून त्यांची सून रोहिणी पेढ्यांचा डबा घेऊन आत आली. नात ईशा मात्र गाडीतच बसून राहिली. मी म्हटलं, पोरीले आत तर आणा. वन्सं म्हणाल्या, "राहू दे वं सुमन, तिचं डोकं दुखते."

पेढे ईशाचेच होते. तिले पुण्यात इंजिनिअरिंगची सीट मिळाली. पण खुर्चीत टेकायच्या आधीच वन्संनी आपल्या पूर्वाचं काढलं. "ऐकलं ते खरं काय? पोरीले जबलपूरले पाठवून राहिली तू? परराज्यात? अन् काय शिकायले, तर दगड?"

मी म्हटलं, "हो. दगड."

त्यावर त्यांनी काय म्हणावं? "हे सगळं शकूचं काम. ती गेली, पण पोरीच्या डोक्यातले गोटे काही गेले नाहीत."

म्हणून हे पत्र. तू गेली त्याले येत्या पोळ्याले वर्ष होईल. वर्षभरात तुले एक ओळ लिहिली नाही मी. माझी चौथीतली अक्षरं, इथं कोणी वाचत नाही तर तिथं कोण वाचणार? पण आज राग आला. पोरगी माझ्या प्रकाशची, तिच्यासोबत दुखरे गुडघे घेऊन जबलपूरपर्यंत गेली मी, अन् नाव निघालं तुझं. गेल्यावरही तूच का पुढं? जरा सरकून बस ना वं.

तशी तू पहिल्यापासूनच पुढं. सख्खी आजी मी, पण पूर्वा मले नुसती 'आजी' म्हणे अन् तुले 'शकूआजी'. नाव फक्त तुले. आपण दोघी जावा, मी मोठी, तू धाकटी, एका ओट्याशी जन्म काढला. भाजी मी चिरायची, फोडणी तू घालायची. अन् घरात येणाऱ्याले वास कशाचा येते? फोडणीचा.

मी माहेराहून काय आणत असे? तुमसरचे तांदूळ. शिजले की शेजारचे विचारत, आज काय आहे बाप्पा तुमच्याकडं. तू माहेराहून काय आणलं? रामटेकच्या पलीकडं तुझं गाव, मँगनीजच्या खाणीजवळचं. तिथले काळे, जड गोटे तू पोरीसाठी पिशवीत भरून आणले. कंडक्टर म्हणाला होता म्हणे, बाई, या पिशवीचंही तिकीट काढा. माझे तांदूळ सगळ्यांनी खाऊन टाकले. तुझे गोटे बिस्किटाच्या डब्यात अजून आहेत. हा कुठला न्याय?

आठवते ना, मागच्या नळाशी तुम्ही दोघी जुना ब्रश घेऊन ते गोटे घासत बसायच्या. मी घरातून ओरडायची, पाणी वाया चाललं म्हणून. पाण्याचं काही नव्हतं, शकू. मले कोणी 'तूही ये' म्हणत नव्हतं, त्याचं होतं.

बरं, मुद्द्याचं सांगते. पूर्वाची बारावी झाली. प्रकाशनं कॉलेजांची नावं आधीच ठरवून ठेवली होती. सगळी इंजिनिअरिंगची, नागपूर नाही तर पुणं. पोरगी दिवसेंदिवस गप्प होत चालली. इतकी गप्प की ताटावर बसली तरी 'वाढ' म्हणेना. अन् एक दिवस जेवता जेवता बापाले म्हणाली, "बाबा, ही कॉलेजं कोणी पाहिली काय आपल्यापैकी?"

प्रकाश म्हणाला, "पाहायचं काय त्यात? सगळेच जातात."

"शकूआजी तर म्हणायची, एकाच स्थळावर अडून बसू नये. चार घरं पाहावी, लांबची पाहावी, अन् बैठकीत बसून पाहू नये."

झालं, इथंही तूच. पण म्हणत होती ते खरं. स्थळ पाहायले गेलं की आम्ही सगळे पोह्यांच्या बशा धरून बैठकीत शहाण्यासारखे बसायचे. तू म्हणायची, "पाणी आणू नका, मीच पिते," अन् उठून सरळ मागं, माठाशी. तिथं कोण कोणाशी कसं बोलते ते ऐकून यायची. आपली सुनीता तशीच तर आली या घरात, प्रकाशची बायको होऊन. तू पाणी प्यायले गेली, तर नवरी पोरगी अन् तिची वहिनी एका ताटात जेवत हसून राहिल्या होत्या. बाहेर येऊन तू मले चिमटा काढला. ठरलं. तो चिमटा मले अजून आठवते, नखं कापत नव्हती तू.

प्रकाश म्हणाला, "अगं पण हे कॉलेज आहे, स्थळ नाही."

मी म्हटलं, "पोरगी राहायले जाणार ना तिथं? घर सोडून? मग स्थळ काय वेगळं असते?"

सुनीतानं मोबाइल काढला. दगडमातीचं कुठं कुठं शिकवतात, हे आजवर कोणी पाहिलंच नव्हतं. त्याले भूगर्भशास्त्र म्हणतात, मी पाठ केलं. अमरावतीचं निघालं, चंद्रपूरचं निघालं, पार जबलपूरपर्यंतचं निघालं. आता सोबत जाणार कोण? प्रकाशले रजा नाही, सुनीताची शाळा. मी म्हटलं, मी जाते. सगळे हसले. हसू दे म्हटलं.

पहिलं प्रकाशच्या मनातलंच पाहिलं, काचेचं. थंडगार हवा, सोफा, अन् टाय लावलेला एक जण 'या आजी, बसा आजी' करत पुढं पुढं. मी पाणी मागितलं. त्यानं बाटली आणून दिली. मी म्हटलं, बाटली नको, पोरं पितात तिथलं दाखव. म्हणाला, तिकडं बाहेरच्यांना सोडत नाहीत. पूर्वानं माझ्याकडं पाहिलं अन् आम्ही दोघी उठलो. दुसऱ्या ठिकाणी पाणी चांगलं होतं, पण दगडांच्या खोलीले कुलूप. अमरावतीचं तर काहीच वाईट नव्हतं. पण पोरीचा चेहरा कसा होता सांगू? दुसऱ्याच्या लग्नात जेवून राहिल्यासारखा.

गाडीत मले तिचाही हेवा वाटला, खोटं काहून बोलू? बसल्या बसल्या नाकं मुरडत होती, हे नको, ते नको. आपल्याले कोणी विचारलं होतं? तुले एक स्थळ आलं, मले एक आलं, अन् आपण दोघी न पाहता एकाच घरात येऊन पडलो. मले तर शाळाही कोणी पाहू दिली नाही पुढं. अन् ही चिमणी गावं पालथी घालून म्हणते, "आजी, अजून एक पाहू." मी म्हटलं, पाहू. हेवा वाटला तरी पाय उचलतच होता.

जबलपूरचं शेवटी पाहिलं. जुनी इमारत, फाटकात कुत्रं झोपलेलं. कोणी 'आजी आजी' करत आलं नाही. मी शिपायाले म्हटलं, "भैया, पानी किधर?" तो म्हणाला, "पीछे, अम्मा."

मागं गेलो तर नळ. अन् नळाशी पोरंपोरी उकिडवी बसून ब्रशानं दगड घासून राहिली होती. त्यांच्या मॅडमही तिथंच, पदर खोचून. मी पाणी प्यायचंच विसरली.

पूर्वानं पिशवीतून तुझा एक गोटा काढला. तिनं सोबत आणला होता, मले पत्ता नाही. मॅडमनं तो हातात तोलून पाहिला. "अरे, ये तो भारी है. कहाँ से लाई?"

"मेरी आजी के मायके से."

मॅडम माझ्याकडं वळल्या. हात जोडले. "अच्छा, अम्मा? आपके मायके से?"

शकू, हो म्हणायचं मनात आलं होतं. तिथं तुले कोण ओळखणार होतं? पण तोंडातून निघालं, "नहीं बाई, मेरे मायके से तो चावल आता है. पत्थरवाली दूसरी थी."

सगळे हसले. पूर्वाचं लक्षच नव्हतं. एका पोरीनं सरकून जागा दिली, ही खाली बसली अन् ब्रश घेतला. मग मी तिथं आहे हेही ती विसरली. तिचा तो चेहरा मी ओळखते. जीभ दाताखाली, भुवया वर. तुझ्याशेजारी नळाशी बसली की तसा व्हायचा. माझ्या हातचा भात खाताना कधी नाही झाला.

मी पायरीवर बसून राहिली. तू मरून गेली होती, अन् तरी तिथं माझ्या पोरीशेजारी बसली होती.

मग तिनं मान वर केली. म्हणाली, "आजी, तूही ये ना."

गुडघे नाही म्हणत होते. मी गेली. एका पोरानं बसायले वीट दिली. दगड कसा धरायचा ते पूर्वानं दाखवलं. अन् ऐक, थंड पाण्यात हाताले बरं वाटते वं. तू कधी सांगितलं नाही.

घरी आल्यावर प्रकाश म्हणाला, "आई, पाहून तू आली. आता तू हो म्हटलं तर हो." झालं का? पोरगी माझ्या बाजूच्या खाटेवर झोपते. सकाळी माझी वेणी घालून देते. 'लांब आहे' एवढंच म्हटलं असतं, तर ती इथंच राहिली असती अन् कोणी मले बोल लावला नसता. जीभ तिथपर्यंत आलीही होती. पण मले माहीत होतं, तू असती तर पान चघळत हो म्हटलं असतं. मग पोरगी जन्मभर म्हणाली असती, शकूआजीनं पाठवलं. ते मी कसं होऊ देणार? मी म्हटलं, "पाठवा." सुनीता रडली. पूर्वानं मले इतकं आवळलं की चष्मा वाकडा झाला. तसाच घालून तुले लिहून राहिली आहे.

हे सगळं आज वन्संना ऐकवायचं होतं. पण त्याच माझ्या मागं ओट्याशी आल्या. आवाज एकदम खाली. "सुमन, ईशा गाडीत काहून बसली, माहीत आहे? पेढा तोंडात घालेना. सीट मिळाल्यापासून रडून राहिली. काय पाहिजे ते तिलेही सांगता येत नाही. तू येशील का आमच्यासोबत, एखाद-दोन वेगळी कॉलेजं पाहायले? तुझं ते पाण्याचं असते ना."

'तुझं' म्हणाल्या, शकू. मी नीट ऐकलं. पुन्हा म्हणायले लावणार होती, पण त्यांचे डोळे भरले होते.

मी म्हटलं, "वन्सं, आधी पोरीले घरात आणा. उन्हात गाडीत बसवून ठेवतात का कोणाले?"

ईशा आली. माठातलं पाणी तिनं स्वतःच घेतलं. पूर्वानं तिले तुझा डबा दाखवला अन् दोघी मागच्या नळाकडं गेल्या. रोहिणी म्हणाली, किती दिवसांनी हसली. मी पाणी वाया चाललं म्हणून ओरडली नाही.

आता तुले शब्द देते. पूर्वाच्या पेटीत तुझे गोटे जातील, डब्यासकट. कोणी विचारलं तर दरवेळी सांगीन, पत्थरवाली दूसरी थी, तिचं नाव शकुंतला. पण तळाशी तुझे गोटे अन् वर माझे तांदूळ, पेटी उघडली की आधी माझंच दिसलं पाहिजे. प्रकाश म्हणते, होस्टेलात कोण शिजवून देणार? नको शिजवू दे. वास तर घेईल.

अन् ईशासाठी कॉलेजं पाहायले जाईन तेव्हा मधे मधे येऊ नको. फक्त पसंत पडलं की एक चिमटा काढ.

ठेवते आता, कणीक सुकून राहिली. वन्सं बुधवारी येतो म्हणून गेल्या, ईशाले घेऊन.

तुझी,
मोठ्याबाई